फोकस म्हणजे चूल

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी मला माझं लग्न झालंय का, मी मांसमच्छी खाते का, रात्री घरी किती वाजता येते, यातलं काहीच विचारलं नाही. इंदुरात त्याआधी पाहिलेल्या प्रत्येक घरात हे तिन्ही प्रश्न चपला काढायच्या आत झाले होते. यांनी शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली, काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "हे काय आहे?"

मी बघितलं. "मसूर."

"पुढे बोल."

"पुढे काय? अख्खा मसूर आहे. भिजवून उसळ करतात."

"खोली तुझी," ते म्हणाले. "आधीचा एक मुलगा म्हणाला, अंकल, ये तो दाल है. त्याच्या आधीच्यानं प्रसाद समजून गिळून टाकला. तू उसळीपर्यंत तरी आलीस."

मग जिना चढता चढता त्यांनी मला सांगितलं की लॅटिनमध्ये लेन्स म्हणजे मसूर. दोन्ही अंगांनी फुगलेलं आणि कडेला निमुळतं असं काचेचं भिंग कोणीतरी पहिल्यांदा घासलं, त्याला नाव काय द्यावं सुचेना, तेव्हा त्याला घरातला मसूर आठवला. मी खोलीत नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारत होते. त्याचं उत्तर मला राहायला आल्यावर मिळालं.

काका फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक होते. उभी हयात त्यांनी एका कॉलेजात ऑप्टिक्स शिकवलं. पहिल्या तासाला ते वर्गात मूठभर मसूर नेत आणि प्रत्येक बाकावर एकेक दाणा ठेवत. त्यामुळे पोरांनी त्यांचं नाव 'दाल सर' ठेवलं होतं. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं, कारण सांगताना ते दर वेळी जरा ताठ बसायचे. पणजोबांच्या काळापासून घराणं इंदुरात. त्यामुळे महाराष्ट्राला ते नेहमी 'तुमचा महाराष्ट्र' म्हणायचे, परदेशातल्या पाहुण्याशी बोलावं तसं. मी सांगलीची. नोकरीसाठी एकटी आलेली. विजय नगरच्या एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहायचं माझं काम. शब्दांचं काम आहे म्हटल्यावर काकांना मी गिऱ्हाईक म्हणून एकदम पसंत पडले.

"तू मला एक बता," एकदा त्यांनी मला फाटकातच अडवलं. "तुमच्या कम्प्युटरमध्ये फोकस असतो ना?"

"असतो. एका चौकटीत लिहून झालं की फोकस पुढच्या चौकटीवर जातो."

"मतलब चूल पुढच्या खोलीत गेली. मग घर कुठलं म्हणायचं?"

मग मला ऑफिसला उशीर करून त्यांनी फोकसची गोष्ट सांगितली. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. घरातली, रोजची. रोमन लोकांचे कुलदेवही म्हणे तिच्यापाशीच असायचे. चारशे वर्षांपूर्वी एक जर्मन खगोलशास्त्रज्ञ भिंगाचं गणित मांडत बसला होता. ऊन ज्या जागी गोळा होऊन कागद जळतो, त्या जागेला त्याला नाव पाहिजे होतं. त्यानं विचार केला, घरात विस्तव कुठे असतो? चुलीत. झालं, ठेवलं नाव.

"एकानं मसूर नेला, दुसऱ्यानं चूल नेली," काका म्हणाले. "अख्खं स्वैपाकघर उचलून नेलं सायन्सवाल्यांनी, आणि घरच्या बायकांना कोणी विचारलं पण नाही!"

हा विनोद त्यांनी दूधवाल्याला सांगितला होता, मीटर बघायला येणाऱ्याला सांगितला होता आणि सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीच्या ड्रायव्हरलाही सांगितला होता. ड्रायव्हर "सही है भिया" म्हणून गाडी पुढे काढायचा. कोणी हसलं नाही तरी काकांचं काही अडत नसे. ते स्वतःच हसायचे, आणि हसून झाल्यावर थोडा वेळ तिथेच उभे राहायचे. समोरचा निघून गेलेला असायचा. खिडकीतून ते उभे दिसले की मला खाली जाऊन काहीतरी बोलावंसं वाटायचं. कधी जायचे, कधी चहाचं पाणी उकळत असायचं.

घरी कोणी आलं की त्याचा चष्मा काढून घ्यायची त्यांना खोड होती. खिडकीसमोरच्या भिंतीपाशी चष्मा धरायचा, पुढेमागे करायचा, आणि भिंतीवर खिडकी उमटवायची. उलटी, एवढीशी, पण रंगांसकट. बाहेरचा गुलमोहरही तिच्यात उलटा डुलायचा. माझ्या चष्म्यानं मात्र भिंतीवर काही येईना.

"मायनस नंबर आहे," ते म्हणाले. "याची चूल खोटी. गणितात दिसते, पण हात शेकत नाहीत."

मी नुकतीच दिवाळी इंदुरात एकटीनं काढून मोकळी झाले होते. मला ते उगीचच लागलं. काकांनाही काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसून दोन्ही हातांनी परत दिला.

इतकं चूल चूल करणाऱ्या माणसाच्या घरात चूल पेटत नव्हती, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. सकाळी कोपऱ्यावर पोहे-जलेबी, वर जीरावन मसाला भरपूर. चहा गुमटीवरून, म्हणजे टपरीवरून, थर्मासमध्ये. दोन्ही वेळचं जेवण मेसच्या डब्यातून. स्वैपाकघरात एकदा सहज डोकावले तर गॅसची शेगडी लख्ख पुसलेली, आणि तिच्यावर इस्त्री केलेलं पांढरं फडकं. फळीवरचे डबे ओळीनं लावलेले. काकू जाऊन बराच काळ झाला होता, मूलबाळ नव्हतं, तेव्हा एकटा माणूस कशाला रांधत बसेल, असं मी मनाशी म्हटलं.

"काका, सिलिंडर संपलाय का? मी नंबर लावून देऊ?"

"सिलिंडर भरलेला आहे, बेटा."

"मग?"

"मग काही नाही. बाहेरून आल्याशिवाय पेटवायचा नाही."

बाहेरून म्हणजे मेसमधून, असं मी धरून चालले. म्हाताऱ्या माणसांचे हजार नियम असतात. त्यांचा दुसरा नियम असा की शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही. मी संक्रांतीला गुळाची पोळी दिली, वाटीतून लवंग घातलेली लौंग सेव आली. खीर दिली, सेव आली. कोबीची भाजी दिली, तरी सेवच आली, कोपऱ्यावरच्या दुकानातली, ताजी. माझ्याकडे इतकी सेव साठली की मी ती ऑफिसात वाटायला लागले.

"कधीतरी घरचं काही द्या की," मी एकदा चेष्टेनं म्हटलं.

काकांनी मान हलवली आणि आत गेले. वाटी माझ्या हातातच राहिली.

एकदा मी त्यांना मॉल दाखवायला घेऊन गेले. वर सिनेमाच्या थिएटरबाहेर इंग्रजीत 'फॉयर' अशी पाटी होती. तिच्याखाली ते थबकले. "ही पण चूलच. फ्रेंचांची," म्हणाले. "पूर्वी थिएटरात लोक मध्यंतरात शेकायला यायचे, ती खोली." मग त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. पॉपकॉर्नचं मशीन होतं, सेल्फी काढणारी पोरं होती. "बसायला कुठे आहे?" त्यांनी विचारलं. बसायला कुठेच नव्हतं. आम्ही घरी आलो.

मी राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी शेजारच्या भाभींच्या सासूबाई गेल्या. भाभी माळव्यातल्याच, सांवेरकडच्या. घर माणसांनी भरलेलं, दारात चपलांचा ढीग. सकाळीच न्यायचं ठरलं. माणसं स्मशानाकडे निघाली तशी काकांनी मला हाक मारली. "चल माझ्याबरोबर."

आम्ही मेसमध्ये गेलो. काका थेट भटारखान्यात घुसले आणि महाराजाला म्हणाले, "पिठलं बनाओ. और सादा चावल."

"साब, गमी के घर बेसन-चावल कौन भेजता है? पूड़ी-सब्जी बना देता हूँ, अच्छा लगेगा."

"अच्छा नहीं लगना चाहिए. गले से उतरना चाहिए."

महाराजानं पिठलं घोटलं तोवर काका त्याच्या डोक्यावर उभे होते. मिरची कमी, लसूण नको, पातळ ठेव. एरवी मेसच्या डब्यात काय आलंय हे न बघता खाणारा हा माणूस. दोन डबे घेऊन आम्ही भाभींच्या घरी गेलो. पुरुष परतले होते, आंघोळी झाल्या होत्या. काकांनी स्वतःच्या हातानं पानं वाढली. भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ताट ठेवून काका खाली जमिनीवर बसले.

"दो कौर, बेटा. बस, दो."

"नहीं उतरेगा, सरजी."

"इसीलिए ये बनवाया है."

भाभींनी दोन घास खाल्ले. मग तिसरा खाल्ला. काका उठले, आणि कोणाचाही निरोप न घेता आम्ही बाहेर पडलो. असल्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, एवढं मलाही ठाऊक होतं.

आमच्या फाटकापाशी येऊन काका पायरीवर बसले. दमले असतील म्हणून मी पाणी आणलं.

"यांची चूल आता पेटेल," ते म्हणाले. "आपल्यात असंच आहे ना? घरात माणूस गेलं की चूल विझते. पहिला घास बाहेरून यायचा. शेजाऱ्यांनी आणायचा, समोर बसून खायला लावायचा. मग घरची पेटवायची."

"हो. आमच्याकडे सांगलीलाही असंच."

"आमची राहिली," काका म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मग ते रिकाम्या रस्त्याकडे बघत सांगत राहिले. काकू गेल्या त्या लॉकडाऊनमध्ये. हार्टनं गेल्या, पण त्या दिवसांत कशानंही गेलं तरी लोक सारखेच घाबरायचे. शहरात कर्फ्यू होता. चार माणसं जमली नाहीत. पुतण्याला देवासहून येऊ दिलं नाही. काका स्मशानातून एकटे परत आले, आंघोळ केली आणि पुढच्या खोलीत बसून राहिले.

"कर्फ्यू हा पण त्याच चुलीतला शब्द आहे," ते म्हणाले. "जुन्या फ्रेंचमध्ये, विस्तव झाका. घंटा व्हायची, आणि लोकांनी आपापली चूल झाकायची. इथे पण झाकली लोकांनी. त्यांची काय चूक? मी असतो तर मी पण झाकली असती."

"मग तुम्ही जेवलात काय?"

"बिस्किटं होती. मी म्हटलं, आज नाही तर उद्या येईल कोणीतरी. तेरावा झाला. रस्ते उघडले. भाभी आल्या, रडल्या, गेल्या. वर्षश्राद्ध झालं. आता कोणाला काय सांगणार, की बाबा तुमच्याकडून पिठलं यायचं राहिलंय?"

ते हसले. पोटभर हसावं तसं नव्हे, पण हसले. मी पाण्याचा पेला हातात घेऊन तशीच उभी होते. मला त्या सगळ्या वाट्या आठवल्या. पोळीची, खिरीची, कोबीची. मला भयंकर वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर राग पण आला. इतका शिकलेला माणूस, चार भाषांतली चूल ज्याला पाठ, तो अशा एका गोष्टीसाठी वर्षानुवर्षं कोरडी शेगडी पुसत बसतो. पण रागावणार कोणावर? त्यांची बायको गेली होती आणि कोणी आलं नव्हतं, एवढंच खरं होतं.

रविवारी सकाळी मी आईला फोन लावला. मला पिठलं येत नव्हतं. घरी असताना ते कधी करावं लागलं नाही आणि बाहेर आल्यावर नूडल्स होत्या.

"कोणासाठी?" आईनं विचारलं.

मी सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाण्यात आधी पीठ कालवून घे, नाहीतर गुठळ्या होतील. तिखट बेतानं. आणि वाढून परत फिरू नकोस, समोर बस. उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही."

पीठ आधी कालवलं तरी गुठळ्या झाल्याच. दुसऱ्यांदा करावं तर बेसन संपलेलं. शेवटी तेच पातेलं झाकून, वर भाताचा डबा ठेवून, खिशात वाटी घालून मी जिना उतरले. दुपारचे बारा वाजत आले होते. काका डब्याची वाट बघत पुढच्या खोलीत बसले होते.

त्यांनी पातेल्याकडे बघितलं. झाकण काढायच्या आधीच त्यांना वास आला असणार. उठून हातपाय धुतले, एक ताट आणलं, आणि टेबल सोडून जमिनीवर बसले. मी वाढलं. पिठलं वाटीत घातलं, भात मध्ये. त्यांच्यासमोर बसले.

"दोन घास, काका."

त्यांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. तिसरा घास हातात घेऊन ते थांबले.

"गुठळ्या आहेत," ते म्हणाले, आणि रडायला लागले.

मी वडीलधाऱ्या पुरुषाला इतक्या जवळून रडताना कधी पाहिलं नव्हतं. काय करावं ते सुचेना. आईनं समोर बस म्हणून सांगितलं होतं, म्हणून बसून राहिले. ते रडले आणि जेवले, दोन्ही एकदमच, आणि ताट स्वच्छ केलं. मी पातेलं उचललं. दारात येऊन सवयीनं 'येते' ओठांवर आलं होतं, ते गिळलं आणि वर निघून गेले. माझी वाटी त्यांच्याकडेच राहिली.

त्या दिवशी आलेला मेसचा डबा संध्याकाळपर्यंत फाटकाला तसाच लटकत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर जिन्यात करपल्याचा वास. आधी वाटलं शॉर्टसर्किट झालं. तेवढ्यात काका वर आले. कपाळाला घाम, हातात माझी स्टीलची वाटी, फडक्यात धरलेली. आत मसुराची आमटी होती. वर हिंगाचे खडे तरंगत होते.

"मीठ बघ," ते म्हणाले.

मी चमचा आणला, दारातच चव घेतली. मीठ अजिबात नव्हतं.

"काका, मीठ घालायचं राहिलंय."

"राहिलं नाही, घातलं नाही. ही मला बोलवायची. मी चव बघून सांगायचो, मग ती घालायची. तिच्या उपासाच्या दिवशी तर सगळं माझ्यावरच असायचं." त्यांनी वाटी परत घेतली. "मला घालता येत नाही. सांगता येतं फक्त. तू चल आणि घाल. मी सांगतो."

मी खाली गेले. पांढऱ्या फडक्याची घडी ओट्याच्या कडेला ठेवलेली होती आणि गॅसवर कढई रटरटत होती. बरणीतलं मीठ दगड झालं होतं. मी ते चमच्यानं फोडलं आणि चिमटीनं घालत गेले, आणि काका पळीच्या टोकावर चव घेत म्हणत गेले, "अजून. अजून. बस."

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी मिळाली. निघताना काकांनी माझ्या मुठीत एक मसूर ठेवला, आणि मी वाटी मुद्दाम त्यांच्याकडे ठेवून आले. दर रविवारी फोन व्हायचा. ते विचारायचे, "काय शिजवलं?" आणि मी काही म्हणायच्या आत आपलंच सांगायचे, "इथे पिठलं. गुठळ्या नाहीत." भाभी रोज शेजारून येऊन मीठ घालून जातात, हेही त्यांनीच सांगितलं.

या हिवाळ्यात भाभींचाच फोन आला.

"दीदी, सरजी चले गए. परसों सुबह. नींद में ही."

मी ओट्यापाशी उभी होते. गॅसवर भाजी होती, ती बंद केली. भाभी सांगत राहिल्या. पुतण्या देवासहून आला, सगळं नीट केलं, घराला कुलूप लावून गेला. मला ते सगळं ऐकू येत होतं, पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती.

"भाभी, खाना किसने पहुँचाया?"

"किसको पहुँचाते, दीदी?" भाभी म्हणाल्या. "घर में था ही कौन?"

मग भाभींनी विचारलं, "आपने कुछ खाया?"

"नहीं."

"चूल्हा मत जलाना. पता भेजो अपना."

संध्याकाळी दारावरची बेल वाजली. या इमारतीत माझी बेल डिलिव्हरीवाल्याशिवाय कोणी वाजवत नाही, आणि तोच होता. पिशवीवर भाभींचं नाव आणि इंदूरचा फोन नंबर. आत पिठलं आणि सादा भात. मी जमिनीवर ताट घेऊन बसले, फोन समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पलीकडून भाभी बघत होत्या.

"दो कौर," त्या म्हणाल्या. "बस, दो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅस पेटवला. मसुराची आमटी केली, हिंग जरा जास्त घातला. पळीच्या टोकावर चव घेतली. मीठ बरोबर पडलंय असं मला वाटलं, पण सांगायला कोणी नव्हतं.